सिनेगॉगमधला मान : तोरासमोर नाव पुकारतात तेव्हा

आंबेपूरचा_नाना

परवा गणपतीच्या धाग्यावर मानाचे पाच गणपती आणि कोकणातल्या पालखीचे मानकरी यावर बरीच चर्चा झाली, तिथं मी सहज लिहून गेलो की आमच्या सिनेगॉगमध्येपण असे मान असतात. त्यावर तीन-चार जणांनी विचारपुशीत विचारलं की म्हणजे नेमकं काय, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचा, आता पंचवीस वर्षं ठाण्यात. धर्मशास्त्राचा अभ्यासक वगैरे नाही, लहानपणापासून वडलांचं बोट धरून सिनेगॉगला गेलो (आमचे म्हातारे लोक मशीद म्हणायचे, मस्जिद बंदर स्टेशनाचं नावपण आमच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं घरात सांगतात), तेवढ्यावर लिहितो.

आमच्या प्रार्थनेचा गाभा म्हणजे सेफेर तोरा. चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी, मोझेसची पाच पुस्तकं त्यात, तीन लाख चार हजार आठशे पाच अक्षरं, आणि एक अक्षर जरी पुसलं गेलं तरी दुरुस्त होईपर्यंत त्यातून वाचायचं नाही. ही सेफेर भिंतीतल्या कपाटात असते, त्याला आम्ही हेखाल म्हणतो. शब्बाथला म्हणजे शनिवारी सकाळी ती बाहेर काढतात, मधल्या चौथऱ्यावर म्हणजे तेबावर आणतात आणि त्या आठवड्याचा भाग वाचतात. आता यातली एकेक गोष्ट म्हणजे एकेक मान. हेखालचं दार किंवा पडदा उघडणं हा मान. सेफेर हातात घेऊन तेबापर्यंत नेणं हा मान. ती उघडून सगळ्यांना अक्षरं दाखवणं, नंतर गुंडाळणं, वस्त्र घालणं, वर चांदीचे रिमोनिम म्हणजे डाळिंबाच्या आकाराचे घुंगरवाले कळस बसवणं, सगळे मान.

पण सगळ्यात मोठा मान अलिया. हिब्रूत अर्थ वर चढणं. हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारा, तो तेबावरून नाव पुकारतो, अमक्याचा मुलगा अमका, उभा राहा, आणि आपण उठून वर जायचं. शब्बाथला किमान सात जण, योम किप्पूरला सहा, मोठ्या सणाला पाच, महिन्याच्या पहिल्या दिवशी चार, सोमवार आणि गुरुवारच्या साध्या सकाळी तीन. दिवस जितका मोठा तितके जास्त लोक. आणि एक गंमत बघा, योम किप्पूर, ज्याला आमच्या आज्या दारफाळणीचा सण म्हणायच्या, वर्षातला सगळ्यात कडक उपासाचा दिवस, त्यालासुद्धा सहाच आणि दर आठवड्याला येणाऱ्या शनिवारला सात!

मला पहिल्यांदा बोलावलं ते तेरा पूर्ण झाल्यावर. शाळेत मी अनिल, गल्लीत अन्या, आणि हज्जानने पुकारलं एलियाहू बेन शेलोमो. मी क्षणभर बसूनच राहिलो, वडलांनी कोपराने ढोसलं. वर गेलो तर चामड्याचा जुन्या ट्रंकेसारखा वास, हज्जानच्या हातात चांदीची काडी, तिच्या टोकाला बोट दाखवणारा बारीक हात (सेफेरला माणसाचा हात लावायचा नाही म्हणून ती), ती काडी एका शब्दावर ठेवलेली. मी अंगावरच्या तालीतचा (प्रार्थनेच्या शालीचा) सिसित, म्हणजे कोपऱ्याचा गोंडा, त्या शब्दाला टेकवून ओठाला लावला, बारखू (देवाच्या स्तुतीची हाक) म्हटलं आणि मागून सगळी मशीद एका आवाजात उत्तर देते ना, तो आवाज पाठीवर आदळला. आज साठीला आलो तरी तो आवाज तसाच आठवतो.

रेवस_ते_भाऊचा_धक्का

नाना फारच छान लिहिलंय. आमच्या आळीत पूर्वी चार घरं होती तुमच्या लोकांची, शनवार तेली म्हणायचे, आजोबा सांगायचे शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. एक विचारायचंय, वाचतो हज्जान की बोलावलेला माणूस? आणि पहिला मान कुणाचा हे कसं ठरतं? आमच्या शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून दोन भावकी कोर्टात गेल्यात म्हणून विचारतोय.

आंबेपूरचा_नाना

भाऊ, मूळ रीत अशी की ज्याला बोलावलं त्यानेच वाचायचं. पण सेफेरमध्ये नुसती व्यंजनं असतात, काना-मात्रा नाहीत, सुराच्या खुणा नाहीत, पूर्णविराम नाही, मग ते सुरात बिनचूक वाचायला आठवडाभर तयारी लागते, आणि ज्याला येत नाही त्याने चारचौघांत मान खाली घालायची हे बरं नाही. म्हणून शेकडो वर्षांपासून वाचणारा एकच असतो आणि बोलावलेला माणूस वाचनाच्या आधी एक आणि नंतर एक आशीर्वचन म्हणतो, आणि मधे हळू आवाजात वाचणाऱ्याच्या मागोमाग पुटपुटतो. ज्याला येतं आणि ज्याला येत नाही ते दोघं त्या चौथऱ्यावर सारखेच दिसतात. मला स्वतःला या सगळ्यात ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

पहिल्या मानाचं उत्तर तर मिश्नातच आहे, म्हणजे साधारण अठराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात. पहिला कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यातला, दुसरा लेवी, तिसऱ्यापासून बाकी सगळे इस्रायल. आणि कारण काय दिलंय तर शांततेसाठी! म्हणजे तुमच्या दोन भावकींसारखी भांडणं तेव्हाही होत असणार, ती होऊ नयेत म्हणून क्रमच ठरवून टाकला. कोहेन अडाणी असला आणि मागे मोठा विद्वान बसलेला असला तरी रीतीप्रमाणे पहिला कोहेनच.

आता आमची अडचण अशी की बेने इस्रायलमध्ये परंपरेने कोहेन आणि लेवी घराणी नाहीतच. आम्ही सगळे इस्रायल. आमच्यात दिवेकर, पेणकर, किहीमकर, राजपूरकर, नवगावकर अशी गावावरून आडनावं, पण वर बोलावताना त्या आडनावाला काही किंमत नाही, नाव आणि बापाचं नाव एवढंच. कोहेन हजर नसला की त्याच्या जागी इस्रायलला बोलावतात आणि तसं पुकारतात. पाहुणा म्हणून एखादा कोचीनचा किंवा परदेशातला कोहेन आला तर त्याला मात्र हटकून पहिला मान, मग तो पहिल्यांदाच आलेला का असेना.

जर्सी_सिटीतला_जोशी

इथे न्यू जर्सीत ऑफिसमधल्या मित्राच्या मुलाच्या बार मित्झ्वाला (तेरा पूर्ण झाल्यावरचा विधी) गेलो होतो, अश्केनाझी म्हणजे युरोपातल्या ज्यूंचं सिनेगॉग होतं, तिथलं वेगळं वाटलं. वाचन झाल्यावर एका धिप्पाड माणसाने ती गुंडाळी दोन्ही दांड्यांना धरून उघडीच्या उघडी डोक्यावर उचलली आणि वळून सगळ्यांना दाखवली. मी श्वास रोखून बघत होतो, कारण मित्र म्हणाला दहा-बारा किलो असेल आणि पडली तर ज्यांनी बघितलं त्या सगळ्यांना उपास लागतात. नानांनी लिहिलंय ते वाचनाच्या आधी की नंतर?

आंबेपूरचा_नाना

जोशीसाहेब बरोबर बघितलंत, ती हगबा. अश्केनाझींकडे वाचनानंतर उचलतात, निदान तीन रकाने दिसतील एवढी उघडतात, वर्षाच्या सुरवातीला आणि शेवटी जास्त अवघड कारण सगळं वजन एका बाजूच्या दांडीवर असतं. आमच्याकडे सेफार्दी रीत, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंची, आधी दाखवतात. आणि बगदादी, कोचीनकर आणि आमच्यात सेफेर बऱ्याचदा लाकडी नळकांड्यासारख्या पेटीत उभी असते, वरून मखमल किंवा चांदी, ती पेटी दारासारखी उघडते आणि वाचतानाही उभीच राहते, त्यामुळे उचलणाऱ्याची तशी कसोटी लागत नाही. पण उघडी पेटी घेऊन चारी बाजूंना फिरवताना बायका वरच्या सज्ज्यातून बोटं त्या दिशेला करून ओठांना लावतात, ते बघण्यासारखं असतं. उपासाचं म्हणाल तर चाळीस दिवसांचा अशी रूढी आहे, कुठे वाटून घेतात, कुठे त्याबदली दानधर्म करतात.

भायखळ्याची_लेक

नाना, बायका सज्ज्यातून बोटं ओठाला लावतात हे तुम्ही किती सहज लिहून गेलात. मी ती सज्ज्यातली मुलगी. माझ्या भावाची बार मित्झ्वा झाली तेव्हा वरून गोळ्या-लिमलेट टाकायचं काम माझ्याकडे होतं, आणि मला त्याचा पूर्ण पराशा, म्हणजे त्या आठवड्याचा भाग, पाठ होता कारण त्याला शिकवताना मी शेजारी बसून ऐकायचे. तो दोन ठिकाणी अडला ते मला वरून कळलं. खाली जाऊन सांगावंसं वाटलं पण सांगणार कसं.

राग म्हणून नाही लिहित, रीत आहे ती ऑर्थोडॉक्स सिनेगॉगची आणि माझ्या आईला त्यात काही खटकत नव्हतं. पण आपल्याच मुंबईत १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांनी ज्युइश रिलिजस युनियन काढलं, त्यातून रोदेफ शालोम उभं राहिलं, पुरोगामी पंथाचं. कामा हॉस्पिटल चालवणारी बाई, १९६६ ला पद्मश्री मिळालेली, तिने शंभर वर्षांपूर्वी धर्मात हा विचार केला. त्याच्या तीनच वर्षं आधी, १८ मार्च १९२२ ला न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लान या मुलीची बात मित्झ्वा झाली, अमेरिकेतली अशी पहिली मानतात, आणि तिलासुद्धा प्रत्यक्ष सेफेरजवळ उभं केलं नव्हतं, थोडं अंतर ठेवून छापील पुस्तकातून वाचायला लावलं होतं.

माझी मुलगी आता बोस्टनला असते. गेल्या वर्षी तिला तिथल्या सिनेगॉगमध्ये अलिया मिळाली आणि तिथे आईचंही नाव पुकारतात. म्हणजे बापाच्या नावानंतर माझं नाव. मी स्क्रीनवर नव्हते बघत, शब्बाथला कॅमेरा नाही चालत त्यांच्याकडे, तिने रात्री फोन करून सांगितलं. मी तिला परत परत विचारलं कसं म्हणाले, परत म्हण.

आंबेपूरचा_नाना

ताई, मी सहजच लिहून गेलो हे खरं आहे. माझी बहीणपण सज्ज्यातच बसायची आणि हिब्रू माझ्यापेक्षा तिचं चांगलं होतं. आता तिला विचारणार आहे तिला काय वाटायचं ते, इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही.

गोरेगावकर७७

माफ करा पण एक स्पष्ट विचारतो. मी ऐकलंय की या मानांचा लिलाव होतो. म्हणजे पैसेवाल्याने मान विकत घ्यायचा? आमच्या बिल्डिंगमधल्या जैन लोकांकडेपण बोली असते, मणभर तुपाच्या हिशोबात बोलतात. देवाच्या दारात हे मला पटत नाही.

आंबेपूरचा_नाना

गोरेगावकर, प्रश्न रास्त आहे, आमच्या घरातही यावर वाद व्हायचे. हो, बोली असते, सगळीकडे नाही आणि दर शनिवारी नाही, पण मोठ्या सणांना आमच्या लहानपणी व्हायची. शमाश म्हणजे सिनेगॉगचा सेवक मधे उभा राहून पुकारायचा, हेखाल उघडायचे अकरा, कोण पुढे, एकवीस, एक्कावन्न... योम किप्पूरच्या रात्री कोल निद्रे ही प्रार्थना म्हणताना जी सेफेर धरतात तिची बोली सगळ्यात चढायची. सणाच्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही, लिहायचंही नाही, त्यामुळे सगळं जिभेवर, आणि सण झाल्यावर माणूस स्वतः येऊन भरायचा. अश्केनाझींकडे काही ठिकाणी लिहिता येत नाही म्हणून छापील कार्ड असतं आणि आकड्यावरचा कोपरा नुसता दुमडायचा.

आता पटत नाही म्हणता त्यावर दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे पैशाच्या आधी हक्क येतो. ज्याचं लग्न आठवड्यात आहे तो नवरदेव, तेरा पूर्ण झालेला मुलगा, ज्याच्या घरी मूल झालंय तो बाप, ज्याच्या आई-बापाची पुण्यतिथी आहे तो, यांना बोलवायचंच, त्यांच्यापुढे पैसेवाला थांबतो. आणि जो मोठ्या आजारातून किंवा संकटातून वाचलाय त्याने सगळ्यांसमोर आभाराची ब्राखा म्हणजे आशीर्वचन म्हणायचं असतं, गोमेल म्हणतात तिला, तीसुद्धा बहुतेक वेळा अलियाच्या वेळीच. आमची मुंबईतली पहिली मशीद, शाअर हारहामीम, १७९६ सालची, तीच मुळात अशा सुटकेतून उभी राहिली. सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रूत सॅम्युएल एझिकेल, कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले, आणि आमच्यात सांगतात की बेने इस्रायल हे नाव ऐकून टिपूच्या आईने त्यांना वाचवलं. परत आल्यावर त्यांनी मशीद बांधली. मांडवीतल्या त्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात तो त्यांच्याच नावाने.

दुसरी गोष्ट माझ्या वडलांची. ते मिलमध्ये जॉबर होते, हातात फार काही नसायचं. एका दारफाळणीला त्यांनी सेफेरची बोली लावली, एकशे एकपर्यंत गेले, तेव्हाचे एकशे एक, आईचा चेहरा वर सज्ज्यात पडला असणार. बोली मिळाली आणि वडील जागेवरून उठलेच नाहीत. त्यांनी शमाशच्या कानात सांगितलं आणि शमाशने नाव पुकारलं ते आमच्या शाळेतल्या हिब्रू मास्तरांचं, त्या वर्षी त्यांची बायको गेली होती आणि ते एकदम मागच्या बाकावर बसले होते. मास्तर पुढे आले, सेफेर छातीशी धरली आणि कोल निद्रे संपेपर्यंत डोळे उघडले नाहीत. एकशे एक फेडायला आम्हाला सुक्कोथचा सण उलटून पुढे दोन पगार लागले. मान घेऊन दुसऱ्याला देण्याची ही पद्धत आमच्यातल्या बऱ्याच ठिकाणी आहे आणि माझ्या मते बोलीचा खरा उपयोग तोच.

रेवस_ते_भाऊचा_धक्का

शब्द नाहीत नाना.

एक बाळबोध शंका, असा एखादा मान आहे का जो कुणालाच नको असतो?

लोदहून_शालोम

मी सांगते. मी इस्रायलमधून, लोदला असते, इथे आपले बरेच मराठी लोक आहेत. कुणालाच नको असलेला मान आहे. तोरामध्ये दोन ठिकाणी शापांची लांबलचक यादी आहे, आज्ञा मोडल्या तर काय काय होईल ते. तो भाग येतो त्या शब्बाथला त्या अलियासाठी कुणी उठत नाही, मग वाचणारा स्वतःच ती घेतो किंवा शमाश घेतो, आणि हळू आवाजात भराभर वाचतात. माझे सासरे आमच्या सिनेगॉगमध्ये दर वर्षी स्वतःहून घ्यायचे. म्हणायचे, तेही देवाचंच वाक्य आहे, त्याला एकटं नाही सोडायचं.

अजून एक, दोन सख्ख्या भावांना किंवा बाप-लेकाला लागोपाठ बोलवत नाहीत, नजर लागते म्हणून. आणि वर जाताना जवळच्या वाटेने जायचं, उतरताना लांबच्या, म्हणजे तोराकडे जायची घाई आणि सोडताना पाय निघत नाही असं दिसावं. उतरल्यावर सगळे हात मिळवून म्हणतात हजाक ऊबारूख, म्हणजे बळ येवो आणि आशीर्वाद लाभो.

सिम्हा तोराला मात्र सगळ्यांची मजा. वर्षाचं वाचन त्या दिवशी संपतं आणि लगेच पहिल्यापासून सुरू होतं. संपवणारा तो हतान तोरा आणि सुरू करणारा हतान बेरेशीत, हतान म्हणजे नवरदेव. मग सत्तर वर्षांचे आजोबासुद्धा त्या दिवशी नवरदेव.

एर्नाकुलम_पोस्टिंग

बँकेच्या नोकरीत चार वर्षं एर्नाकुलमला होतो, मट्टनचेरीच्या पारदेशी सिनेगॉगमध्ये बऱ्याचदा गेलो, १५६८ सालचं, खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा. तिथे जे कळलं ते या धाग्यात यायला हवं. तिथे काही कुटुंबांना मेशुहरारीम म्हणजे मुक्त केलेले गुलाम, किंवा त्यांचे वंशज म्हणून वेगळं ठेवायचे. बाकावर बसायचं नाही, बाहेरच्या दालनात जमिनीवर बसायचं, आणि तोरासमोर बोलावणं नाही. त्यांच्यातला ए. बी. सालेम नावाचा माणूस मद्रासला शिकून वकील झाला, काँग्रेसमध्ये होता, गांधीजींना मानायचा, त्याने सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला. आपल्याच देवळात आपल्याच लोकांविरुद्ध. हळूहळू बाकावर बसायला मिळालं, मग तोरासमोर नाव पुकारलं जाऊ लागलं. वायकोम सत्याग्रहाच्या आसपासचाच काळ. लोक त्याला ज्यूंचा गांधी म्हणत.

आंबेपूरचा_नाना

हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं, कारण मी कालपासून विचार करत होतो लिहावं की नाही.

आमच्याही वाट्याला हे आलंय. बगदादी ज्यू इकडे आले, सॅसून घराणं वगैरे, मोठी माणसं, त्यांनी मुंबई-पुण्यात काय काय बांधलं ते सगळ्यांना माहीत आहे, शाळाही चालवली, जोसेफ एझिकेल राजपूरकर, ज्यांनी आमच्या प्रार्थना हिब्रूतून मराठीत आणल्या, ते त्याच शाळेचे हेडमास्तर. पण आमच्या लग्न-घटस्फोटाच्या रीती शास्त्राप्रमाणे झाल्यात की नाही अशी शंका घेऊन काही ठिकाणी त्यांनी आम्हाला मिन्यानमध्ये मोजायचं आणि तोरासमोर बोलवायचं बंद केलं. मिन्यान म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष. रंगूनला तर प्रकरण हायकोर्टात गेलं, सिनेगॉगच्या कारभारात आम्हाला मत आहे की नाही यावर, आणि १९३५ मध्ये निकाल बेने इस्रायलच्या बाजूने लागला. इस्रायलमध्येसुद्धा लग्नाच्या प्रश्नावर आमच्या लोकांना आंदोलन करावं लागलं, १९६४ ला सरकारने सांगितलं की हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत.

माझे आजोबा लष्करात होते. बदलीच्या गावी एका सिनेगॉगमध्ये गेले (नाव लिहित नाही, आता तिथे तसं काही राहिलेलं नाही), नऊ माणसं बसली होती. आजोबा दहावे. ते बसले आणि तरी कुणी प्रार्थना सुरू करेना. पाऊण तासाने एक मुलगा धावत आला, तेव्हा सुरू झाली. आजोबांना तेव्हा कळलं की आपल्याला मोजलंच नाही. ते शेवटपर्यंत बसले, सेफेर समोरून गेली तेव्हा सिसित टेकवून ओठाला लावला आणि निघून आले. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं.

भायखळ्याची_लेक

पाऊण तास. बसून राहिले ते.

जर्सी_सिटीतला_जोशी

नाना, आता कोकणातल्या जुन्या सिनेगॉगमध्ये माणसं किती येतात? बरेच लोक इस्रायलला गेले ना?

आंबेपूरचा_नाना

बहुतेक गेले. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, इमारती आहेत, निगा राखणारी माणसं आहेत, पण दहा जमवणं हीच मोठी गोष्ट. आणि दहा झाले नाहीत तर तोरा वाचता येत नाही, बाकीची बरीचशी प्रार्थना एकट्याने म्हणता येते पण हे नाही.

दोन वर्षांपूर्वी याच आजोबांच्या पुण्यतिथीला आम्ही कोकणात गेलो, सोमवार मुद्दाम बघून, म्हणजे वाचन असतं. ठाण्याहून आम्ही पाच जण, तिथले चार. नऊ. साडेसात झाले, आठ झाले. एक काका हार्डवेअरचं दुकान चालवतात, वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, त्यांना फोन केला तर म्हणाले येतो पण रिक्षा पाठवा. रिक्षा गेली, पाऊस, पाऊण तास लागला. बरोबर पाऊण तास, मी घड्याळाकडे बघत होतो आणि मला आजोबांची ती गोष्ट आठवत होती. काका दारात आले, छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, टोपी नीट केली, आत बसलेले नऊच्या नऊ जण उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारचे तीन मान. पुण्यतिथी माझ्या आजोबांची म्हणून मला एक होताच, मुकादम म्हणजे सिनेगॉगचे प्रमुख म्हणाले पहिला तुमचाच. मी म्हटलं नको, पहिला काकांना द्या. काकांना चौथरा चढवेना, दोन पायऱ्या आहेत फक्त, आम्ही दोघांनी काखेत धरून चढवलं. हज्जानने विचारलं काका नाव काय पुकारू, तर काकांना स्वतःचं नाव सांगता आलं, बापाचं हिब्रू नाव पटकन आठवेना, इतक्या वर्षांत कुणी बोलावलंच नव्हतं त्यांना. आम्ही थांबलो. बाहेर पत्र्यावर पाऊस. मग एकदम आठवलं त्यांना आणि त्यांनी ते हज्जानच्या आधी स्वतःच मोठ्याने म्हटलं.